ओपन सोर्सच्या देखभालीचा पैसा : किती द्यावा, कसा द्यावा आणि कसा वाटावा

बडोद्यात अकोट्याला किंवा गोत्रीच्या बाजूला दहा-बारा माणसांची एखादी सॉफ्टवेअर कंपनी मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांसाठी मालसाठ्याची आणि मालरवानगीची प्रणाली तयार करते, तेव्हा तिने स्वतः लिहिलेल्या कोडपेक्षा कितीतरी पट अधिक कोड इतरांनी लिहून खुला ठेवलेला, म्हणजे ओपन सोर्स, असतो. डेटाबेस, वेब सर्व्हर, पीडीएफ तयार करणारे पॅकेज (म्हणजे तयार कोडचा संच), तारखांचे हिशेब करणारे पॅकेज, एन्क्रिप्शनचा थर हे सगळे विनामूल्य मिळते आणि परवान्यानुसार ते विनामूल्य वापरणे पूर्णपणे वैध आहे. मात्र एकदा लिहिलेला कोड आपोआप टिकत नाही. ब्राउझर बदलतात, ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, सुरक्षेतल्या त्रुटी उघड होतात, आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी बसून दुरुस्ती करावी लागते, ती तपासावी लागते आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध करावी लागते. त्या माणसाच्या वेळेचा खर्च कुणी, किती आणि कोणत्या रीतीने उचलावा, हे या लेखात सांगायचे आहे. पहिला अर्धा भाग पैसे देणाऱ्या लहान कंपन्यांसाठी आहे आणि पुढचा भाग पैसे घेणाऱ्या मेंटेनर मंडळींसाठी, म्हणजे अशा कोडची देखभाल करणाऱ्यांसाठी. परंतु दोघांनीही दोन्ही भाग वाचावेत असा माझा आग्रह आहे.

हे अवलंबित्व किती खोलवर असते ते एका उदाहरणाने जवळून पाहू. दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी मंडळाची कोजागिरीची सूचना मोबाइलवर येते आणि तिच्यात ‘पुऱ्या’ हा शब्द असतो. साठवणुकीत त्यातली अक्षरे सुटी असतात : ऱ, त्यामागे हलन्त, मग य आणि काना. त्यांतला र य-ला जोडून नेमका कसा काढायचा, उकार कुठे बसवायचा, हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरला शेपिंग इंजिन म्हणतात. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस या सगळ्यांत हे काम हार्फबझ नावाचे एकच ओपन सोर्स इंजिन करते, आणि तीच सूचना गुजरातीत पाठवली तरी तिची अक्षरजोडणी तेच करते. रोज मराठी वाचणाऱ्या लक्षावधी लोकांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात तरतूद होणार कशी, ही खरी अडचण आहे.

तरतूद नसल्याचे परिणाम काय होतात ते आता नीट नोंदले गेले आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा जगातल्या वेबसाइटांच्या मोठ्या हिश्शाची सुरक्षा ज्याच्यावर अवलंबून होती त्या प्रकल्पाला देणग्यांतून वर्षाला सुमारे २,००० डॉलर मिळत होते आणि पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस होता. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल लहान करणाऱ्या पॅकेजमध्ये मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला. थकलेल्या एकट्या मेंटेनरला मदत करण्याच्या मिषाने ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी सुमारे दोन वर्षे विश्वास संपादन केला होता आणि इतर काही खोट्या वाटणाऱ्या नावांनी त्या मेंटेनरवर जबाबदारी सोपवण्यासाठी दबाव आणला होता. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावर सुरक्षितपणे जाण्याच्या सोयीने, लॉगिन होताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ते लक्षात आले. पहिल्या घटनेत पैशाची टंचाई दिसते आणि दुसऱ्या घटनेत सोबतीची. न्याय्य निधीची व्यवस्था करताना या दोन्ही टंचाया समोर ठेवाव्या लागतात.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे : ही रक्कम देखभालीचा नियमित खर्च म्हणून धरावी, आणि ती कुणाला कोणत्या कामासाठी मिळणार याचा नियम पैसे येण्याच्या आधी लिहून ठेवावा. बहुतेक भांडणे पैसे कमी पडल्याने होत नाहीत; पैसे आल्यावर नियम शोधायला बसल्याने होतात.

देणाऱ्याने आधी यादी करावी

आपण काय वापरतो हे ठाऊक नसताना देणगी दिली की ती सर्वांत प्रसिद्ध प्रकल्पाला जाते. म्हणून पहिले काम यादीचे आहे. आपण थेट निवडलेली पॅकेजेस पंधरा-वीस असतात, पण त्यांच्या मागोमाग येणारी शेकड्यांनी असतात, आणि ती सगळी लॉक फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती टिपणाऱ्या फाइलमध्ये, नोंदलेली असतात. त्यामुळे यादी तिथून काढावी. एनपीएम हे जावास्क्रिप्टची पॅकेजेस आणून बसवणारे साधन वापरणाऱ्यांना ‘एनपीएम फंड’ ही आज्ञा दिली की कोणकोणती पॅकेजेस निधी मागत आहेत आणि कुठे, हे लगेच दिसते. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, फंडिंग.वायएमएल नावाची फाइल असेल तर तिथे प्रायोजनाचे बटण दिसते. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम, कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. एखाद्या ग्राहकासाठी अशी यादी करावी लागलीच, तर तीच यादी निधीच्या निर्णयालाही वापरावी म्हणजे दुप्पट श्रम पडत नाहीत.

यादी हाती आली की प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात. हे पॅकेज उद्या सोडून दिले गेले तर आपले काम किती दिवस अडेल. गेल्या वर्षभरात त्यात प्रत्यक्ष बदल स्वीकारणारी माणसे किती होती. आणि त्यांच्यापैकी कुणाला या कामाचा पगार मिळतो का. अँग्युलर या वेब पाने बनवण्याच्या साधनाच्या मागे गूगल उभी आहे, तिथे आपले पाच-दहा हजार रुपये पोचले काय किंवा न पोचले काय, काही फरक पडत नाही. याउलट बारकोड वाचणारे किंवा गुजराती पीडीएफमध्ये फाँट बसवणारे एखादे पॅकेज नोकरी सांभाळून रात्री काम करणाऱ्या एकाच माणसावर चालत असते, आणि आपल्या ग्राहकाची रोजची मालरवानगी त्याच्यावर अवलंबून असते. अशा तीन-चार नावांवर लक्ष एकवटावे. सत्तर पॅकेजेसना प्रत्येकी शंभर रुपये वाटल्याने समाधान मिळते, पण कुणाचाही अर्धा दिवस मोकळा होत नाही.

ही निवड माणसांनीच करावी, सूत्रावर सोडू नये. डाउनलोडच्या संख्येवर किंवा अवलंबित्वाच्या गणितावर आपोआप पैसे वाटण्याची कल्पना आकर्षक वाटते. पण २०२४ मध्ये टी नावाच्या क्रिप्टो योजनेने अशा गणितावर टोकन, म्हणजे आपले आभासी चलन, वाटण्याचे जाहीर केल्यावर एनपीएमवर हजारो निरुपयोगी पॅकेजेस ओतली गेली आणि खऱ्या मेंटेनरांच्या रिपॉझिटरीत नाव घुसवण्यासाठी पुल रिक्वेस्टचा, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा, मारा झाला. ज्यांना मदत व्हायची त्यांच्याच डोक्यावर काम वाढले.

किती द्यावे

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ओपन सोर्स प्लेज या उपक्रमाने कंपन्यांना दर वर्षी प्रत्येक डेव्हलपरमागे किमान २,००० डॉलर द्यायला सांगितले आहे. अमेरिकन पगारांच्या मानाने ही रक्कम वाजवी असली तरी बडोद्यातल्या लहान कंपनीला ती झेपणार नाही, आणि न झेपणारा आकडा समोर ठेवला की माणसे शून्यावर थांबतात. म्हणून मी पगाराच्या टक्केवारीचा मार्ग सुचवतो.

समजा कंपनीत १२ डेव्हलपर आहेत आणि सरासरी पगार महिना ६०,००० रुपये आहे. वर्षाचा पगारखर्च ८६,४०,००० रुपये झाला. त्याचा एक टक्का ८६,४०० रुपये. यातून चार पॅकेजेसना वर्षाला प्रत्येकी १८,००० रुपये द्यावेत, म्हणजे ७२,००० झाले, आणि उरलेले १४,४०० रुपये सुरक्षेतली एखादी त्रुटी अचानक उघडकीस आली तर त्या प्रकल्पाला तातडीने देण्यासाठी राखून ठेवावेत. पहिल्या वर्षी अर्धा टक्काच शक्य असेल तर तेवढाच द्यावा, पण तो पुढच्या वर्षीही देता येईल एवढाच धरावा. मेंटेनरच्या दृष्टीने एका वर्षी मिळालेल्या लाखापेक्षा पाच वर्षे खात्रीने मिळणारे वीस हजार अधिक उपयोगी असतात, कारण त्यांच्या भरवशावर तो नोकरीतले तास कमी करण्याचा विचार करू शकतो.

हा भार सगळा कंपनीनेच उचलला पाहिजे असेही नाही. कारखान्याला दिल्या जाणाऱ्या कोटेशनमध्ये सर्व्हर आणि वार्षिक देखभालीच्या ओळी असतातच. त्यांच्याखाली ‘ओपन सोर्स घटकांची देखभाल’ अशी एक ओळ घालावी आणि ग्राहकाने विचारले तर कोणत्या पॅकेजला किती दिले ते दाखवावे. यंत्राच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवणाऱ्या कारखानदाराला ही ओळ समजावून सांगायला फार वेळ लागत नाही.

पैसा सोडून वेळही देता येतो, आणि काही प्रकल्पांना तोच अधिक हवा असतो. आपण स्वतःपुरती केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवणे, त्रुटी कळवताना ती पुन्हा घडवून दाखवणारे लहानसे उदाहरण जोडणे, मराठी आणि गुजराती मजकुरावर चाचण्या करून पाहणे ही कामे पगाराच्या वेळेत व्हावीत. रविवारी घरी बसून करण्याचे काम म्हणून ती डेव्हलपरच्या गळ्यात टाकली तर विनामोबदला श्रमाची साखळी फक्त एक कडी पुढे सरकते.

पैसे पाठवण्याची रीत

व्यक्तीला थेट देण्यासाठी गिटहब स्पॉन्सर्स २०१९ पासून आहे. अनेक जण मिळून चालवतात अशा प्रकल्पासाठी ओपन कलेक्टिव्ह अधिक बरे, कारण तिथे जमा आणि खर्च दोन्ही सर्वांना दिसतात आणि प्रकल्पाला स्वतःची संस्था नोंदवावी लागत नाही. ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही यजमान संस्था त्याच्या वतीने पैसे सांभाळते आणि त्याबद्दल दहा टक्के घेते. तिसरा मार्ग सेवेच्या कराराचा, आणि लहान कंपनीला मी तोच आधी विचारात घ्यायला सांगेन. इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणाऱ्या कर्ल या साधनाचे मूळ लेखक डॅनियल स्टेनबर्ग २०१९ पासून वुल्फएसएसएल या कंपनीत आहेत आणि ती कंपनी कर्लसाठी व्यावसायिक साहाय्य विकते. मेंटेनर वर्षाला ठरावीक तास साहाय्य देणार आणि त्याचे बिल करणार, असा साधा करार असला की हिशेबनिसाला देणगीचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही, मेंटेनरला आपल्या श्रमाची किंमत मागताना संकोच वाटत नाही, आणि खर्च व्यवसायाचा म्हणून दाखवता येतो.

व्यवहाराच्या दोन-तीन बाबी आधीच सी.ए.शी बोलून घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हापासून परदेशी संकेतस्थळांवर भारतीय कार्डातून दरमहा आपोआप होणारी वजावट अडू शकते. म्हणून वर्षातून एकदा एकरकमी देणे सोयीचे, शिवाय चलनबदलाचे शुल्कही वारंवार लागत नाही. परदेशातून सेवा घेतली तर रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्याने स्वतः, जीएसटी भरण्याचा आणि करकपातीचा प्रश्न येतो. भारतातला मेंटेनर असेल तर हे सगळे सोपे होते, आणि तो आपल्याच शहरात असण्याची शक्यता आपण समजतो त्यापेक्षा अधिक असते.

घेणाऱ्याने आधी नियम लिहावा

इथून पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण निधी उभारण्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि वाटपाविषयी फारच कमी.

डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाचा अनुभव प्रत्येक प्रकल्पाने लक्षात ठेवावा असा आहे. २००६ मध्ये पुढची आवृत्ती वेळेवर यावी म्हणून काही मंडळींनी डंक-टँक नावाचा उपक्रम काढला आणि जमवलेल्या पैशातून आवृत्ती प्रसिद्ध करण्याची जबाबदारी असलेल्या दोन रिलीज मॅनेजरना काही काळ पूर्णवेळ काम करता यावे अशी सोय केली. हेतू चांगला होता आणि ती दोन्ही माणसे कामाची होती. पण हजारभर स्वयंसेवकांच्या प्रकल्पात दोघांनाच पैसे का आणि ते कुणी ठरवले, या प्रश्नावर मोठा वाद झाला. काहींनी आपले विनामोबदला काम मुद्दाम कमी केले. डिसेंबर २००६ मध्ये येणारी आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. यावरून पैसे देऊच नयेत असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते. ज्यांच्या श्रमावर प्रकल्प उभा आहे त्यांना विचारून नियम केला असता, तर तेच पैसे सुखाने वाटले गेले असते असे मला वाटते.

तेव्हा प्रकल्पाला पहिला रुपया येण्याआधी रिपॉझिटरीत एक साधी फाइल ठेवावी आणि तिच्यात पुढील बाबी स्पष्ट लिहाव्यात. पैसे कोणत्या कामांसाठी दिले जातील, दर काय असेल, कोण ठरवेल, ज्याला पैसे मिळणार त्याने त्या निर्णयात मत देऊ नये, आणि हिशेब किती दिवसांनी प्रसिद्ध होईल. दर तिमाहीला एक पानभर जमाखर्च पुरतो : कुणाकडून किती आले, कोणत्या कामाला किती गेले, शिल्लक किती. पैसे घेणाऱ्या व्यक्तीची हरकत असेल तर नाव न देता काम आणि रक्कम द्यावी, पण रक्कम लपवू नये.

कोणत्या कामांसाठी द्यायचे यात बहुतेकांची नजर नव्या सुविधांकडे जाते, कारण त्या दिसतात. माझ्या मते क्रम उलटा असावा. सुरक्षेचे निरोप वाचून त्यांना उत्तर देणे, आलेल्या पुल रिक्वेस्ट तपासणे, आवृत्ती बांधून प्रसिद्ध करणे, दस्तऐवज अद्ययावत ठेवणे आणि भाषांतर करणे ही कामे कंटाळवाणी, वेळखाऊ आणि न संपणारी आहेत. स्वेच्छेने नवे काही लिहायला माणसे मिळतात, या कामांना मिळत नाहीत. म्हणून पहिला पैसा या कामांना द्यावा, आणि तो पाळीने द्यावा : एका महिन्यात एका व्यक्तीकडे पाळी, तिला ठरलेली रक्कम, पुढच्या महिन्यात दुसऱ्या व्यक्तीकडे. त्यामुळे एकाच माणसावर भार राहत नाही आणि आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे अधिकार व कौशल्य किमान दोघांकडे राहते. एक्सझेडच्या प्रकरणात नेमकी हीच उणीव होती.

एकेका त्रुटीवर बक्षीस लावण्याची पद्धत मला पसंत नाही. बक्षीस दुरुस्ती लिहिणाऱ्याला मिळते आणि ती तपासणारा, बहुधा तोच थकलेला मेंटेनर, रिकाम्या हाताने राहतो; बक्षिसासाठी घाईने लिहिलेला कोड तपासायला उलट जास्त वेळ लागतो. बक्षीस द्यायचेच असेल तर त्याच रकमेचा ठरावीक हिस्सा तपासणाऱ्यासाठी आधीच बाजूला ठेवावा. दहा हजारांचे काम असेल तर तीन हजार तपासणीचे, असा नियम असला की कुणाला मागावे लागत नाही.

दराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. एकाच प्रकल्पात एक मेंटेनर बर्लिनमध्ये आणि एक बडोद्यात असेल तर दोघांना सारखे द्यायचे की राहणीमानाच्या खर्चाप्रमाणे? दोन मोठ्या उपक्रमांनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. नवख्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत मानधनावर काम देणारा गूगल समर ऑफ कोड २००५ मध्ये सुरू झाला आणि २०१७ पासून त्याचे मानधन देशागणिक क्रयशक्तीनुसार ठरते, त्यामुळे भारतातल्या सहभागीला कमी मिळते. अशीच कामे देणारी आउटरीची ही उमेदवारी (इंटर्नशिप) मात्र जगभर सर्वांना सारखेच मानधन देते, ७,००० डॉलर. पहिल्या पद्धतीत तेवढ्याच निधीत अधिक माणसे सामावतात हे खरे आहे. तरीही ठरावीक कामाच्या ठरावीक मोबदल्यासाठी मी समान दराच्या बाजूचा आहे, कारण पुल रिक्वेस्ट तपासण्याची जबाबदारी आणि चूक झाल्यास होणारे नुकसान कुठेही बसून सारखेच असते. एखाद्याला पूर्णवेळ नोकरीसारखे नेमायचे असेल तेव्हा तिथल्या खर्चाचा विचार करावा. तोही उघड सूत्राने करावा, खासगी घासाघिशीने करू नये.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत अधिक जपावे. सयाजीराव विद्यापीठाच्या, म्हणजे १८९० मध्ये कलाभवन म्हणून सुरू झालेल्या, तंत्रज्ञान शाखेत शिकणारी मुले किंवा शहरातल्या इतर महाविद्यालयांतली मुले प्रकल्पात यायला उत्सुक असतात. शिकण्यासाठी केलेली पहिली एक-दोन कामे वेगळी. पण जिच्यावर प्रकल्प अवलंबून राहू लागतो अशी नियमित पाळी त्यांच्याकडे दिली, तर अनुभव मिळेल या शब्दावर त्यांची बोळवण करू नये. ज्याला घरून आधार आहे तोच फुकट काम करू शकतो, आणि मग प्रकल्पात तशाच घरांतली माणसे उरतात.

प्रायोजकाला पैशाच्या बदल्यात काय मिळणार नाही, हेही त्याच फाइलमध्ये लिहावे. नाव आणि चिन्ह छापू, साहाय्याचे तास देऊ, वार्षिक अहवाल देऊ. पण तुमचा बदल तपासणीशिवाय स्वीकारणार नाही आणि इतरांची सुरक्षादुरुस्ती रोखून तुम्हाला आधी देणार नाही. एका प्रायोजकाकडून एकूण निधीच्या निम्म्याहून अधिक रक्कम येऊ लागली तर सावध होऊन दुसरे दोन शोधावेत.

घेणाऱ्याच्या हिशेबाबद्दल तीन गोष्टी सांगतो. प्रायोजन, देणगी, कॉफी असे कोणतेही नाव असले तरी कामाच्या संदर्भात आलेली रक्कम उत्पन्नात दाखवावी आणि परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेचा बँकेचा दाखला जपून ठेवावा. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर जाऊ लागली की जीएसटीची नोंदणी पाहावी. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यातीच्या अटी पूर्ण करत असेल तर शून्य दराने धरली जाते, त्यासाठी हमीपत्र द्यावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ओळखीच्या एखाद्या ट्रस्टच्या किंवा मंडळाच्या खात्यात परदेशी देणगी मुळीच घेऊ नये. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. चांगल्या हेतूने केलेली सोय त्या मंडळाला महागात पडेल.

परवाना मध्येच बदलू नये

उत्पन्नासाठी परवाना आवळण्याचा मोह होतो. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये तो बदलला आणि तिच्या टेराफॉर्मच्या जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प जन्माला आला. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये बदलला आणि काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छायेत त्याच्या जुन्या कोडवरून वाल्की उभे राहिले, पुढे मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या खुल्या परवान्याचा पर्याय आणला. इतरांनी विश्वासाने दिलेल्या कोडवर नंतर अटी घालणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. उत्पन्न हवे असेल तर ते पहिल्या दिवसापासून उघड असावे. मुंबईच्या फ्रॅपेचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय चालवण्याचे सॉफ्टवेअर जीपीएल या परवान्याखाली पूर्ण खुले आहे आणि कंपनी होस्टिंग व साहाय्यातून कमावते. लहान प्रमाणावर कुणालाही गिरवता येईल असा हा कित्ता आहे.

शहरापुरता सामायिक निधी

एकेकट्या कंपनीला ८६,००० रुपये जड वाटत असतील तर चार-पाच कंपन्यांनी मिळून निधी करावा. बडोद्याला याची जुनी ओळख आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांची जी योजना आखली, तिच्यात गावकऱ्यांनी जेवढी रक्कम उभी करायची तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा तिहेरी वाटा होता. गावाने आधी आपला वाटा उचलला की उरलेले दोन आपोआप येत. त्यामुळे जिथे वापरणारे खरोखर होते तिथेच ग्रंथालय उभे राहिले, आणि गरीब गावालाही ते परवडले.

तीच रचना इथे चालेल. डेव्हलपर स्वेच्छेने वर्गणी काढतील, तेवढीच रक्कम त्यांची कंपनी घालेल आणि तेवढीच ग्राहकांच्या कोटेशनमधल्या त्या ओळीतून येईल. कोणत्या पॅकेजला द्यायचे ते वर्गणीदार डेव्हलपरांनी ठरवावे, कारण कोणते पॅकेज रडत-खडत चालले आहे हे त्यांनाच ठाऊक असते. सुरुवातीला वेगळी संस्था नोंदवू नये; प्रत्येक कंपनीने ठरलेल्या प्रकल्पाला आपापल्या खात्यातून थेट पैसे पाठवावेत आणि सामायिक फक्त यादी, निर्णय आणि हिशेब ठेवावा. यादीतला एखादा प्रकल्प भारतीय असेल आणि त्याला मोठा निधी लागत असेल तर त्याला पुढची वाट दाखवावी. झेरोधा या शेअर दलालीच्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेला फ्लॉस फंड वर्षाला १० लाख डॉलर देतो, प्रत्येक प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत, आणि अर्जासाठी प्रकल्पाने फंडिंग.जेसन ही फाइल प्रसिद्ध करावी लागते. ओपन सोर्ससाठी काम करणारी फॉस युनायटेड ही संस्थाही अनुदाने देते. ती फाइल भरायला मदत करणे हेही निधीचेच काम समजावे, कारण उत्तम कोड लिहिणाऱ्या अनेकांना स्वतःसाठी पैसे मागणारी चार वाक्ये लिहिता येत नाहीत.

वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये नवे अंदाजपत्रक होताना, यादी पुन्हा पाहावी. एखादे पॅकेज आपण वापरणे थांबवले म्हणून त्याचा निधी त्याच महिन्यात तोडू नये. मेंटेनरला सहा महिने आधी कळवावे, शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला येईल ते लिहून द्यावे, आणि त्या काळात त्याच्या जागी दुसरा प्रायोजक मिळवून देता येतो का ते आपल्या ओळखीच्या कंपन्यांत विचारून पाहावे.